आंबा पल्पच्या कारखान्यासाठी फोर्कलिफ्ट: नवी घ्यावी की वापरलेली?

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत तुमचा आंबा पल्पचा कारखाना आहे. आजवर डबे भरत होतात, आता ॲसेप्टिक ड्रमची, म्हणजे निर्जंतुक केलेला पल्प मोठ्या पिंपांत भरायची लाईन टाकताय. ड्रम माणसांनी उचलायचे नसतात, म्हणून तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट हवी. नव्या गाडीचं कोटेशन आलंय, आणि तळोज्याचा एक डीलर त्याच क्षमतेची वापरलेली गाडी निम्म्याहून कमी पैशांत देतोय. दोन्हीपैकी काय घ्यावं?

मी चिपळूणचा. लोटे, खेड, रत्नागिरी आणि खाली कुडाळपर्यंतच्या कारखान्यांतल्या फोर्कलिफ्टची दुरुस्ती आणि देखभाल हा माझा धंदा. गाड्या विकत नाही, पण गिऱ्हाइकाबरोबर जुनी गाडी बघायला जाणं हे नेहमीचं काम. त्यामुळे नव्या-जुन्या दोन्ही गाड्या कोकणात पुढे कशा वागतात ते जवळून बघायला मिळतं.

नवी की जुनी हे ठरवण्याआधी दोन गोष्टींचं उत्तर लागतं. गाडी वर्षाला किती तास चालणार? आणि ऐन मे महिन्यात ती बंद पडली, तर नक्की काय अडणार? कोटेशनमधल्या किमती या दोन उत्तरांनंतर बघायच्या.

आधी तासांचं बघू. तुमचा हंगाम एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा, म्हणजे साधारण ७० दिवस. दोन पाळ्या चालवल्यात तरी गाडीचं इंजिन प्रत्यक्ष सुरू असण्याचा वेळ दिवसाला सहा-सात तासांच्या वर जाणार नाही. झाले साडेचारशे तास. मग उरलेल्या वर्षात ऑर्डरप्रमाणे कंटेनर भरणं आणि गोदामातली हलवाहलव, त्याचे दोनशे धरा. एकूण ६५०. लोट्याला दोन पाळ्यांत बारा महिने चालणारी गाडी वर्षाला साडेतीन-चार हजार तास भरते. म्हणजे तिथला एका वर्षाचा वापर तुमच्याकडे सहा वर्षं पुरेल.

डिझेल गाडीचं तेलपाणी वेळेवर झालं, तर इंजिनाचं मोठं काम न काढता ती दहा हजार तासांच्या आसपास जाते. तुमच्या वापराने तिथे पोचायला १५ वर्षं लागतील. समुद्रापासून काही किलोमीटरवर, तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसात १५ वर्षं उभी असलेली गाडी कशी दिसते ते तुम्ही मिरकरवाड्याला बर्फ कारखान्यांच्या दारात बघितलं असेल. तुमची गाडी चालून झिजण्याच्या कितीतरी आधी गंजणार आहे. नव्या गाडीच्या किमतीत तुम्ही जे तास विकत घेता, त्यातले बरेचसे तुम्ही कधी वापरणारच नाही.

आता पैशांचा हिशोब. आकडे समजुतीसाठी घेतोय, तुमच्या कोटेशनचे घालून पुन्हा मांडा. समजा नवी १२ लाखांना पडली आणि पाच वर्षांनी ६ लाखांना विकली गेली. वर्षाची घट १ लाख २० हजार. १२ लाखांवर १० टक्क्यांनी व्याजही तेवढंच. मिळून २ लाख ४० हजार. वापरलेली समजा साडेपाच लाखांना घेतलीत, आल्या आल्या तिच्यावर १ लाख खर्च केलेत आणि पाच वर्षांनी ३ लाखांना गेली. घट वर्षाला ७० हजार, व्याज ६५ हजार, मिळून १ लाख ३५ हजार. फरक वर्षाला १ लाख ५ हजारांचा. कर्ज फिटत जातं तसं व्याज कमी होतं, त्यामुळे खरा फरक थोडा कमी निघेल, पण अंदाज घ्यायला एवढं पुरे.

म्हणजे वापरलेली गाडी नवीपेक्षा वर्षाला लाखभर रुपये जास्त दुरुस्ती आणि खोळंबा मागते का, एवढंच आता तपासायचं. वर्षाला ६५० तास चालणारी, नीट पारखून घेतलेली गाडी एवढं मागत नाही. चार हजार तास चालणारी मागते, आणि कधीकधी त्याच्या दुप्पटही. म्हणूनच लोट्याच्या गिऱ्हाइकाला मी नवी घ्यायला सांगतो आणि आंबेवाल्याला बहुतेक वेळा वापरलेली.

बहुतेक वेळा म्हणालो, कारण दुसरा प्रश्न शिल्लक आहे. डब्यांच्या कामात फोर्कलिफ्ट बंद पडली तरी बॉक्स माणसं उचलतात. वेळ जातो, मजुरी वाढते, पण काम सरकतं. ड्रमचं तसं नाही. एका ड्रममध्ये सव्वादोनशे किलोच्या घरात वजन. फिलरखालून, म्हणजे ड्रम भरणाऱ्या यंत्राखालून, भरलेला ड्रम हलला नाही तर पुढचा लावता येत नाही. फिलर थांबला की निर्जंतुक केलेला पल्प लाईनमध्येच फिरत राहतो, रंग उतरतो, आणि थांबणं लांबलं तर सगळी लाईन धुऊन, पुन्हा निर्जंतुक करून मगच सुरू करावी लागते. तिकडे आढीतला हापूस पिकतच असतो. त्या दिवशीचं नुकसान वर काढलेल्या वर्षभराच्या लाखाच्या फरकालाही मागे टाकू शकतं.

हे वाचून नवीच घ्यावी असं वाटेल. पण नवी गाडीही बंद पडते. होज फुटतो, सेन्सर जातो, टायरला सळई लागते. वॉरंटीत दुरुस्तीचा खर्च कंपनी करते, पण इंजिनिअर कोल्हापूरहून आंबा घाट उतरून किंवा पुण्याहून येणार. पार्ट मुंबईत असला तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी रत्नागिरीत, नसला तर दोन-चार दिवस. तेवढे दिवस तुमचेच जातात. तेव्हा हंगाम अडू नये याची सोय गाडीच्या नवेपणावर सोडू नका, ती वेगळी करा.

ती सोय अशी. अडीच टनी हँड पॅलेट ट्रक दोन घ्या, नवे. फिलरपासून गोदामाच्या दारापर्यंतची जमीन गुळगुळीत काँक्रीटची करून घ्या, कारण हँड पॅलेटची चाकं जांभ्यावर किंवा पेव्हरवर चालत नाहीत. चार ड्रमचं पॅलेट टनाच्या आतबाहेर भरतं, दोन माणसं ते सपाट जमिनीवर सहज ओढतात. एवढं असलं तर फोर्कलिफ्ट एक-दोन दिवस बंद राहिली तरी फिलर चालू राहतो. रचाई आणि कंटेनर थांबतील, तेही फार अडलं तर गावातली हायड्रा क्रेन बोलावता येते. या सोयीला जो खर्च येईल तो नव्या-जुन्या गाडीतल्या फरकाच्या मानाने किरकोळ आहे, आणि गाडी नवी घेतलीत तरी हे करावंच लागेल.

गाडी तीन टनीच हवी का, हेही पुन्हा बघा. डेटा प्लेटवर, म्हणजे गाडीवरच्या कंपनीच्या पाटीवर, लिहिलेली क्षमता बहुधा ५०० मिलिमीटर लोड सेंटरला असते, म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या दोन लोखंडी दांड्यांच्या) उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर धरून. तुमचं चार ड्रमचं पॅलेट जवळपास १२०० मिलिमीटर खोल, म्हणजे मध्य ६०० वर. तिथे दोन टनी गाडीची क्षमता पावणेदोन टनांच्या आसपास येते. साईड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड) असेल तर अजून थोडी कमी. तरीही टनभराच्या पॅलेटला ती पुरते. तीन टनी गाडीचं स्वतःचं वजन चार टनांच्या वर असतं. पावसात मऊ पडलेल्या जांभ्याच्या यार्डात आणि कंटेनरच्या लाकडी तळावर ते वजन जाणवतं. दोन किंवा अडीच टनी चांगली मिळाली तर ती घ्या. वापरलेल्या बाजारात तीन टनीच जास्त दिसतात, म्हणून चांगली तीन टनी समोर आली तर नाकारू नका, इतकंच.

त्याहून महत्त्वाचा मास्ट, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली सरकतात तो पुढचा उभा सांगाडा. हे तुमच्या प्रश्नात नव्हतं आणि वापरलेली गाडी घेताना इथेच लोक अडकतात. २० फुटी कंटेनरात ८० ड्रम जातात: खाली दहा पॅलेट, त्यांच्यावर दहा. कंटेनरच्या दाराची उंची साधारण २.२८ मीटर, आतली २.३९. वरचं पॅलेट ठेवायला फोर्क मीटरभर वर न्यावे लागतात. साध्या दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये फोर्क हातभरही वर जायच्या आत आतला मास्ट वर सरकायला लागतो. मुळात सव्वादोन मीटरच्या आसपास असलेला मास्ट अर्धा मीटर वर गेला की कंटेनरचं छप्पर लागलंच. त्यासाठी फुल फ्री लिफ्ट मास्ट लागतो. त्यात आधी मधला सिलिंडर फोर्क उचलतो आणि मास्टची उंची बराच वेळ तेवढीच राहते. डीलरला एकच प्रश्न विचारा: मास्ट वर न सरकता फोर्क किती उचलले जातात? उत्तर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि जागेवर टेप लावून बघा. तुमच्याकडे लोडिंग डॉक नसेल आणि कंटेनर ट्रेलरवरच उभा राहणार असेल, तर गाडी आत जाणारच नाही. मग एक पक्का रॅम्प आधी करावा लागेल. तो खर्च गाडीच्या बजेटमध्ये धरा.

आता वापरलेल्या गाडीची पारख. डीलर पहिल्यांदा आवर मीटर दाखवतो. मी तो शेवटी बघतो. मीटर बदलता येतो, आणि कोकणासाठी गाडी घेताना तास किती झाले यापेक्षा ते कुठे झाले हे जास्त महत्त्वाचं. चाकणच्या एखाद्या ऑटो पार्टच्या कारखान्यात, छपराखाली सात हजार तास झालेली गाडी मी उरणच्या बंदराजवळच्या कंटेनर यार्डातल्या तीन हजार तासांच्या गाडीपेक्षा आधी पसंत करीन. पहिलीची झीज तेल, सील, बुश, क्लच प्लेटमध्ये असते आणि ती बदलता येते. दुसरीची खराबी लोखंडात असते. मासळीच्या कारखान्यातली गाडी तर घेऊच नका, मीटर काहीही सांगो. बर्फाचं खारं पाणी तळाच्या पत्र्यापासून वायरिंगच्या कनेक्टरपर्यंत सगळीकडे गेलेलं असतं. तेव्हा तळोज्याच्या डीलरला पहिला प्रश्न हाच: गाडी आधी कुणाकडे होती? पहिल्या मालकाचं बिल किंवा सर्व्हिसचे कागद दाखवले तर उत्तम. सांगायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच आहे.

गाडी बघायला जाताना सांगून जा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबा, तोवर बाकीचं बघा. थंड इंजिन कसं सुरू होतं, पहिल्या मिनिटाला धूर कसा येतो, हे एकदाच बघायला मिळतं. निळा धूर येऊन थांबतच नसेल, किंवा चालू इंजिनवर ऑईल भरण्याचं झाकण काढल्यावर आतून जोराने वाफ फेकली जात असेल, तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय. ते काम किमतीतून वजा करून घेता येतं. इंजिनामुळे मी गाडी क्वचितच नाकारतो.

नाकारतो ती मास्ट, फोर्क आणि चॅसीमुळे. ताजा रंग मारलेली गाडी असेल तर मास्टच्या चॅनेलच्या आत, जिथे बेअरिंग फिरतात, तिथे हात घाला. ती जागा रंगवत नाहीत, बेअरिंगच्या घासण्याने ती चकचकीत राहते. बोटांना तिथे खाचखळगे लागले, किंवा गंजाची पापडी नखाने निघाली, तर बाहेरचा रंग कितीही चांगला असो, गाडी खाऱ्या हवेत उभी होती असं समजा. मग खाली वाकून मजल्याच्या पत्र्याला आणि बॅटरीच्या खोबणीला स्क्रू ड्रायव्हरने टोचा. पत्रा दबतो का बघा. टिल्ट सिलिंडरच्या (मास्ट पुढे-मागे झुकवणाऱ्या) रॉडवरून कापसाचा बोळा फिरवा. क्रोम उडून बारीक खड्डे पडले असतील तर कापूस अडकतो. असा रॉड दर पावसाळ्यात नवं सील फाडणार, कितीही सील किट घाला. रॉड पुन्हा क्रोम करून घेता येतो, पण त्याचे पैसे आणि दिवस धरून भाव करा.

फोर्कला व्हर्नियर लावा. उभ्या भागाची जाडी मोजा, मग टाचेची, म्हणजे जिथे फोर्क वळून आडवा होतो त्या जागेची. टाच दहा टक्के झिजली की फोर्क बाद, कारण तेवढ्या झिजेत ताकद वीस टक्क्यांनी कमी होते. ४५ मिलिमीटरचा फोर्क टाचेला ४०.५ वर आला असेल तर तो बदलायचा, वेल्डिंग करून भरायचा नाही. टाचेवर वेल्डिंगची खूण दिसली तर फोर्क नवे धरूनच किंमत बोला. फोर्क उचलणारी चेन ताणाखाली असताना मोजा. पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर. पाऊण इंची पिचच्या चेनच्या १६ पिच ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३१४ भरल्या तर तीन टक्के लांबली, म्हणजे बाद. आणि कोकणात चेन लांबण्याआधी कड्या जाम होतात. मास्ट उतरताना ढिली पडलेली चेन सरळ लोंबत नसेल, कुठे कोपरा करून राहत असेल, तर ती बदला.

मग वजन उचलायला लावा. रिकामे फोर्क वर-खाली करून दाखवणं म्हणजे तपासणी नव्हे. टन-दीड टन माल पुरुषभर उंचीवर न्या, मास्टवर खडूने रेघ मारा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बाजूला उभे राहा. मालाखाली कुणीही जाऊ देऊ नका. पूर्ण क्षमतेच्या वजनालाही दहा मिनिटांत १०० मिलिमीटरपर्यंतच उतरण चालवून घेतात. निम्म्या वजनाला तेवढी उतरली तर व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचं सील गेलंय. हायड्रॉलिक टाकीची काडी काढून तेल बघा. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, आणि पाणी किती महिने होतं ते पंपच सांगेल. मागची चाकं जॅकवर उचलून हलवा, किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याचा, खेळ हाताला लागतो. यार्डातल्या गाडीत किंगपिन गेलेले असतातच, त्याने घाबरू नका, फक्त हिशोबात धरा.

एक गोष्ट आपल्या भागात वेगळी बघायची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, महाडलाही त्याच दिवसांत पूर आला. पुरात बुडालेली यंत्रं साफ करून, रंगवून पुढे विकली जातात आणि फिरत फिरत कुठूनही पुन्हा समोर येतात. डॅशबोर्ड उघडून वायरच्या जुड्याच्या मागे, फ्यूज बॉक्समध्ये, सीटखालच्या कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची बारीक पूड आहे का बघा. बाहेरचं सगळं धुता येतं, तिथला गाळ राहतो. असा गाळ सापडला तर भाव न करता परत या. वायरिंगमधले दोष वर्षानुवर्षं एकेक करून बाहेर येतात आणि ते शोधण्यातच माझ्यासारख्याचे तास तुमच्या बिलात जातात.

डेटा प्लेट नसेल तर गाडी घेऊ नका, किंवा सिरियल नंबरावरून कंपनीकडून नवी प्लेट आणून देण्याची अट डीलरला घाला. प्लेटशिवाय किती उंचीला किती वजन उचलायचं हे ऑपरेटरला कळणार नाही, आणि कारखान्यातल्या उचलणीच्या यंत्रांची वर्षातून एकदा जी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते, तिथेही अडचण येईल. मेकबद्दल विचाराल तर माझी कसोटी साधी आहे: त्या गाडीचं सील किट, वॉटर पंप आणि ब्रेक सिलिंडर कोल्हापुरात दुकानात मिळतो का? गोदरेज आणि जुन्या व्होल्टासच्या गाड्या देशभर एवढ्या आहेत की त्यांचे पार्ट मिळतात आणि त्या उघडता येणारे फिटरही. बाहेरून आयात केलेली वापरलेली गाडी दिसायला सुरेख असते, चालवायलाही छान, पण मे महिन्यात तिचा एक व्हॉल्व्ह मिळवायला आठवडा गेला तर तुमच्या कामाची नाही.

डिझेल की इलेक्ट्रिक याबद्दल एवढंच. डिझेल गाडी यार्डात, गोदामात आणि कंटेनरच्या तोंडाशी ठेवा. फिलिंगच्या हॉलमध्ये ती नको, धूर आणि काजळी अन्नाच्या जागेत चालत नाही. आतलं काम हँड पॅलेटने किंवा छोट्या इलेक्ट्रिक स्टॅकरने होतं. वापरलेली मोठी इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. तिची लेड ॲसिड बॅटरी साधारण पाच वर्षांची, आणि किमतीचा मोठा वाटा तिचाच असतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीत २४ सेल, त्यातले दोन गेले तरी गाडी अर्ध्या पाळीत बसते. वापरलेल्या इलेक्ट्रिकची किंमत नेहमी नवी बॅटरी धरून करा, मग ती स्वस्त उरत नाही. शिवाय तुमचा हंगाम वादळांच्या महिन्यांत येतो. मे २०२१ चं तौक्ते आणि जून २०२० चं निसर्ग, दोन्हीनंतर कोकणात कितीतरी गावं दिवसेंदिवस विजेविना होती. जनरेटरवर पल्पची लाईन चालवताना वर गाडीची बॅटरी चार्ज करायची वेळ येऊ नये.

कराचं तुमच्या सीएंना विचारा, मी फक्त दोन गोष्टी लक्षात आणून देतो. नव्या गाडीच्या बिलावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळू शकतं. वापरलेल्या गाडीचा डीलर फक्त आपल्या नफ्यावर कर भरत असेल तर तसं क्रेडिट मिळत नाही, म्हणून दोन्ही किमती कर वजा करून समोरासमोर ठेवा. दुसरं, प्रक्रिया उद्योगाच्या अनुदानाची फाईल टाकली असेल तर वापरलेली यंत्रं बहुतेक योजनांत धरत नाहीत. अनुदानात फोर्कलिफ्ट बसत असेल तर वरचा सगळा हिशोब फिरतो आणि नवी घेणंच शहाणपणाचं ठरतं. हे आधी विचारून घ्या.

नवीच घ्या असं मी कुणाला सांगतो तेही लिहितो, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. वर्षाला दोन हजार तासांच्या पुढे वापर असेल त्याला. ज्वालाग्राही रसायनं हाताळणाऱ्या कारखान्याला, कारण तिथे फ्लेमप्रूफ गाडी लागते आणि वापरलेल्या फ्लेमप्रूफ गाडीत मधल्या दुरुस्त्यांनी ते संरक्षण शाबूत ठेवलंय की नाही हे बाहेरून कळत नाही. आणि ज्याच्याकडे गाडीकडे बघणारं एकही माणूस नाही, रोज सकाळी तेल-पाणी तपासणारा ऑपरेटर ठेवायची तयारी नाही, त्यालाही. वापरलेली गाडी दुर्लक्ष सहन करत नाही. तुम्ही यांतले नसाल असं धरून चालतो.

तर तुमच्या जागी मी वापरलेली डिझेल घेईन. दोन ते तीन टनी, फुल फ्री लिफ्ट मास्टची, हवा भरायच्या टायरची, घाटावरच्या कोरड्या कारखान्यातून आलेली. आणि ती मार्चमध्ये घेणार नाही. मार्चमध्ये सगळ्या आंबेवाल्यांना गाडी हवी असते, डीलर भाव सोडत नाही आणि दुरुस्तीला दिवस उरत नाहीत. पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. आल्यावर लगेच सगळी तेलं, फिल्टर, होज, चेन आणि पट्टे बदलून टाका, जुने चालतात असं वाटलं तरी. मग डिसेंबर ते फेब्रुवारी तिच्याकडून शिल्लक मालाचे कंटेनर भरून घ्या. जे दोष यायचे ते त्या तीन महिन्यांत बाहेर येतात आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो. हंगाम संपला की गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, चेनला तेल, उघड्या राहणाऱ्या प्रत्येक रॉडवर ग्रीसचा थर, बॅटरीची तार काढून छपराखाली ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सुरू करून मास्ट पूर्ण वर-खाली करा.

यंदाचा हंगाम तोंडावर असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर या वर्षी दोन-अडीच महिने ऑपरेटरसकट भाड्याने घ्या. भाडं जास्त वाटेल, पण त्या काळात तुमच्या यार्डात, तुमच्या पॅलेटला, तुमच्या कंटेनरला कोणता मास्ट आणि किती क्षमता लागते ते पक्कं कळेल, आणि खरेदी घाईत होणार नाही.

तळोज्याच्या गाडीचं टोकन अजून दिलं नसेल तर आधी चार फोटो मागवा: डेटा प्लेट वाचता येईल असा, मास्टच्या चॅनेलच्या आतला, फोर्कच्या टाचेचा बाजूने, आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरिंगचा. चारही आले की इथे टाका, बघून सांगतो की गाडी प्रत्यक्ष बघायला जाण्याजोगी आहे का.